कारखान्याचे दार आणि सातबाऱ्याचा उतारा

मराठवाड्यात सध्या एका नव्या उद्योगनगरीची चर्चा जिकडेतिकडे चालू आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या पूर्वेस शेंद्रा आणि दक्षिणेस पैठणच्या वाटेवर बिडकीन, अशा दोन ठिकाणी मिळून सुमारे १०,००० एकर जमिनीवर दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातील ही नगरी उभी राहत आहे. त्यांपैकी सुमारे ८,००० एकर जमीन एकट्या बिडकीनच्या बाजूची आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा-किर्लोस्कर कंपनीने येथे मोटारींचा कारखाना उभारण्यासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला आणि त्यातील गुंतवणुकीचा आकडा सुमारे २०,००० कोटी रुपये सांगण्यात आला. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या इतर कंपन्यांनीही याच परिसराची निवड जाहीर केली आहे. ज्या काळ्या रानात कपाशी आणि तूर डोलत होती, तेथे आता रुंद रस्ते झाले आहेत आणि अवजड यंत्रांची घरघर ऐकू येते.

या घटनेचे वर्णन करताना वृत्तपत्रे दोन आकडे न चुकता देतात. एक गुंतवणुकीचा आणि दुसरा एकरी भावाचा. परंतु ज्या कुटुंबाजवळ गुंतवावयास पैसा नाही आणि विकावयास एकरही नाही, त्या कुटुंबाचे या उलाढालीत काय होणार, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मराठवाड्यातील बहुसंख्य बौद्ध कुटुंबे याच तिसऱ्या प्रश्नात मोडतात. म्हणून तो प्रश्न आपणच विचारला पाहिजे आणि त्याचे उत्तरही आपणच शोधले पाहिजे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कारखानदारीला विरोध करणे ही आपली परंपरा नव्हे. परमपूज्य बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर जो प्रबंध लिहिला, त्यात त्यांनी दाखवून दिले की, शेतीवर आवश्यकतेपेक्षा अधिक माणसे पोसली जात आहेत आणि या दुखण्यावर खरा उपाय औद्योगिकीकरण हाच आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी मजुरांच्या कामाचे तास, सेवायोजन कार्यालये, नद्यांचे पाणी आणि वीज या प्रश्नांवर केलेले काम सर्वश्रुत आहे. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी जे उत्तर दिले, तेही आपण विसरलेलो नाही. ज्या गावगाड्याने आपल्या वाडवडिलांना गावकुसाबाहेर ठेवले आणि वेठीस धरले, तो मोडतो म्हणून अश्रू ढाळण्याचे आपणास कारण नाही. दुसऱ्याच्या बांधावर सालगडी म्हणून आयुष्य घालविण्यापेक्षा यंत्रावरचा कामगार होणे केव्हाही श्रेयस्कर होय.

परंतु कारखाना आला म्हणजे जात आपोआप गळून पडते, हाही एक भ्रम आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास आठवावा. गिरणीच्या दारातून अस्पृश्य मजूर आत गेला खरा. पण विणकाम खात्याच्या दारावर त्याला थांबविण्यात आले. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून अस्पृश्याचा स्पर्श झालेला धोटा स्पृश्य विणकरास चालत नसे, आणि नेमक्या त्याच खात्यात मजुरी अधिक होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय पुढाऱ्यांच्या समोर मांडला. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. या इतिहासाचा धडा असा की, कारखान्याला बाहेरचे दार एक असले तरी आतील दारे अनेक असतात. आपला माणूस कोणत्या दारापर्यंत पोहोचतो, यावर सारे अवलंबून असते.

आता बिडकीनकडे वळू. कारखान्याचे पहिले दार जमिनीचे आहे. शेंद्रा-बिडकीनच्या संपादनात खातेदारास एकरी २३ लाख रुपयांपर्यंत मोबदला मिळाला. पाच एकरांच्या धन्याच्या हाती एक कोटीहून अधिक रक्कम आली. त्या पैशाचे कोणी घर बांधले, कोणी अन्यत्र रान घेतले, आणि कोणी मोटारी व लग्नसमारंभ यांत तो उडविला. तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण त्याच पाच एकरांवर खुरपणी, वेचणी आणि काढणी करून पोट भरणारी जी बौद्ध कुटुंबे होती, त्यांचे नाव सातबाऱ्याच्या उताऱ्यावर कोठेही नव्हते. रान गेले त्या दिवशी त्यांची मजुरी गेली. बांधावरचे गवत गेले म्हणून शेळ्या विकाव्या लागल्या. कापणीनंतर रानात उरलेले वेचून चार दिवस चूल पेटत असे, तेही संपले. मोबदल्याच्या हिशेबात मात्र यांपैकी एकही बाब आली नाही.

हे केवळ कोणाच्या निष्ठुरपणामुळे झाले, असे नाही. कायद्याची रचनाच तशी आहे. आपल्या राज्यात औद्योगिक वसाहतींसाठी जमीन घेतली जाते ती प्रामुख्याने महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ याखाली. आणि तो कायदा मोबदला देतो तो जमिनीत हितसंबंध असलेल्या व्यक्तीस. शेतमजुराचा त्या जमिनीत घाम असतो, पण कायद्याच्या भाषेतला हितसंबंध नसतो. २०१३ साली संसदेने भूसंपादनाचा जो नवा कायदा केला आणि जो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला, त्याने मात्र या बाबतीत मोठे पाऊल टाकले. ज्या कुटुंबाजवळ जमीन नाही, परंतु संपादनापूर्वी तीन वर्षे जे त्या परिसरात शेतमजुरी, वाटा वा कारागिरी करून जगत होते आणि ज्याचे उपजीविकेचे मुख्य साधन संपादनामुळे बाधित होते, तेही 'बाधित कुटुंब' होय, असे त्याने प्रथमच स्पष्ट म्हटले. अशा कुटुंबास नोकरी, किंवा एकरकमी ५ लाख रुपये, किंवा वीस वर्षेपर्यंत दरमहा किमान २,००० रुपये, यांपैकी एक पर्याय त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. पण २०१८ साली राज्याने दुरुस्ती करून १९६१ च्या अधिनियमाखालील संपादन या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले आणि मोबदल्याच्या व पुनर्वसनाच्या लाभदायक तरतुदी अधिसूचनेद्वारे लागू करण्याची तेवढी वाट ठेवली. म्हणजे भूमिहीनाला संसदेने दिलेला हक्क राज्यात पोहोचेपर्यंत अधिसूचनेच्या धाग्यावर लोंबकळू लागला. हा धागा बळकट करून घेणे हे आपल्या सामाजिक संस्थांचे व लोकप्रतिनिधींचे काम आहे. ज्या ज्या गावी नवे संपादन जाहीर होईल, तेथे 'भूमिहीन बाधित कुटुंबांची यादी कोठे आहे?' हा प्रश्न ग्रामसभेत लेखी विचारला गेला पाहिजे.

याहून नाजूक प्रश्न गायरानांचा आहे. भूमिहीनांना पडीक जमीन मिळावी म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली जे सत्याग्रह झाले, त्यांत आपल्या आजोबा-आजींनी तुरुंगवास भोगला. त्या लढ्याच्या पुण्याईने मराठवाड्यातील हजारो कुटुंबे गायरानावर दोन-चार एकर कसून स्वाभिमानाने जगू लागली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने भूमिहीन मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पूर्वीची शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण ठरले. परंतु कित्येक ठिकाणी ते काम कागदावरच राहिले. अशा गायरानाच्या शेजारी कारखाना आला म्हणजे काय होते? जी जमीन काल कोणासही नको होती, ती एका रात्रीत सोन्याची होते. सातबाऱ्यावर नाव शासनाचे असल्याने ती उद्योगासाठी देणे शासनास सोपे जाते, आणि चाळीस वर्षे ती कसणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने 'अतिक्रमक' ठरून रिकाम्या हाताने उठविला जातो.

काही दिवसांपूर्वी एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांनी कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या दंडाच्या पावत्या काढल्या. गायरान कसल्याबद्दल महसूल खात्याने त्यांच्या वडिलांस वेळोवेळी केलेला तो दंड होता. वडिलांनी मरताना सांगितले होते की, घर विका, पण या पावत्या टाकू नका. त्यांच्या पलीकडची पट्टी तितकीच वर्षे कसणारे दुसरे एक गृहस्थही सोबत होते. त्यांनीही दंड भरला होता. पण पावत्या पावसात भिजल्या आणि फेकून दिल्या गेल्या. दोघांचे कष्ट सारखे, दोघांचा हक्कही सारखाच. तरी एकाचा दावा मी आत्मविश्वासाने मांडू शकलो आणि दुसऱ्यासाठी जुन्या पंचनाम्यांच्या व नोंदवह्यांच्या शोधात मला अर्ज करीत बसावे लागले. ज्या कागदाने शासनाने आपल्याला गुन्हेगार म्हटले, तोच कागद आज आपल्या हक्काचा साक्षीदार होतो, ही गोष्ट प्रत्येक गायरानधारकाने ध्यानात ठेवावी. गाव नमुना एक-ई मध्ये अतिक्रमणाची नोंद असते. तिची प्रमाणित प्रत आजच मागून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला, त्याचा धाक आपल्या लोकांस दाखविण्यात येतो. पण शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दिलेल्या जमिनी हा अपवाद त्याच निकालात नमूद आहे, हे सांगावयास मात्र कोणी येत नाही.

दुसरे दार बांधकामाचे. कारखाना उत्पादन सुरू करण्यापूर्वी कित्येक महिने तो बांधला जात असतो. या काळात सर्वांत अधिक मजूर लागतात आणि सर्वांत कमी नोंदी होतात. आपली तरुण मुले आणि स्त्रिया गुत्तेदाराच्या हाताखाली खडी, सिमेंट आणि लोखंड वाहतात. हजेरी मुकादमाच्या वहीत असते, आणि काम संपले की वहीसकट मुकादम दुसऱ्या गावी जातो. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राने कायदा केला. बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवून त्यातून कल्याण मंडळ चालविले जाते. वर्षात ९० दिवस काम केलेला, १८ ते ६० वर्षे वयाचा कोणताही कामगार तेथे नोंद करू शकतो आणि मुलांचे शिक्षण, आजारपण, बाळंतपण यांसाठी साह्य मिळवू शकतो. हजारो कोटींच्या बांधकामातून जो उपकर गोळा होतो, तो ज्याच्या पाठीवर ती वास्तू उभी राहते त्याच्यासाठी आहे. परंतु ज्याने ९० दिवसांचा दाखला मागितला नाही, त्याचे नाव त्या मंडळाच्या दप्तरी नसते.

तिसरे दार कायम नोकरीचे, आणि तेच सर्वांत अरुंद आहे. खाजगी कारखान्यात घटनेच्या १६ व्या अनुच्छेदातील राखीव जागा नाहीत. स्थानिकांना ८० टक्के रोजगार देण्याचे राज्याचे धोरण आहे. पण 'स्थानिक' या शब्दात खातेदाराचा मुलगा आणि त्याच्या सालगड्याचा मुलगा एकाच मापाने मोजले जातात, आणि शिफारस कोणाची चालते हे सांगावयास नको. त्यात कंत्राटी पद्धतीची भर पडली आहे. कंत्राटी मजुरांचा १९७० चा कायदा २० मजुरांपासून लागू होत असे. त्याची जागा घेणारी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि तीत ही मर्यादा ५० झाली आहे. कंत्राटी पद्धत रद्द झाली तरी मजूर आपोआप मूळ मालकाचा नोकर होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली भारतीय पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात ठरविले. अर्थात जो झाडू घेऊन कंत्राटदारामार्फत आत जातो, तो बहुधा झाडू घेऊनच बाहेर येतो.

मग मार्ग नाही काय? आहे, आणि तो फारसा कोणास ठाऊक नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगतो. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ च्या कलम ३-अ अन्वये प्रत्येक नियुक्त व्यवसायातील शिकाऊ उमेदवारांच्या जागांत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवण्याचे बंधन मालकावर आहे, आणि हे बंधन खाजगी मालकासही लागू आहे. ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने एकूण कामगारसंख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, असा नियम आहे. नोकरीच्या दारावर राखीव जागा नाही. परंतु शिकण्याच्या दारावर ती आहे. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय काढले, तेव्हा या प्रांतात मोठी कारखानदारी जवळजवळ नव्हती. कारखाना येण्याची वाट न पाहता त्यांनी आधी शिक्षणाचे दार उघडले. हा क्रम आपण विसरता कामा नये. यंत्रजुळणी, वीजकाम आणि वाहनांची विद्या शिकलेली शंभर मुले-मुली गावात तयार असतील, तर कोणत्याही व्यवस्थापकास त्यांना सहजासहजी टाळता येणार नाही.

मात्र या दारावरही कागद विचारला जातो. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्धांचा समावेश झाला तो १९९० साली. त्यापूर्वी चौतीस वर्षे धम्मदीक्षा घेतलेल्या माणसास केंद्राच्या सवलतींबाबत परके ठरविण्यात आले होते. दीर्घ लढ्यानंतर तो अन्याय दूर झाला. आता अनुसूचित जातीतील ज्या कुटुंबांनी अलीकडे दीक्षा घेतली आहे, त्यांना कोणी सांगत असेल की बौद्ध झाल्याने तुमचे हक्क गेले, तर ते असत्य आहे. परंतु शाळेच्या दाखल्यावर केवळ 'बौद्ध' असे लिहून मूळ जातीचा पुरावाच न ठेवल्यामुळे पुढे प्रमाणपत्रासाठी मुलांची धावाधाव होते, हेही सत्य आहे. ज्या जातीचा आपण मनातून त्याग केला, तिची नोंद कागदावर ठेवावी लागते, हे मनास बोचते. मला स्वतःलाही बोचते. पण ती नोंद म्हणजे जातीचा अभिमान नसून झालेल्या अन्यायाची पावती आहे. वर सांगितलेल्या वृद्धाने दंडाची पावती जपली, तशीच ती जपावी.

आपल्यातील काही तरुण म्हणतात की, हे सारे भांडवलदारांचे कारस्थान आहे, कारखानाच होऊ देऊ नये. त्यांचा संताप मी समजू शकतो. पण कारखाना थांबला तर बांधावरची गुलामगिरी तेवढी उरेल. दुसरे काही म्हणतात की, तक्रार कशाला, आपणही जमिनीची दलाली करू आणि दोन पैसे मिळवू. त्यांना मी एवढेच म्हणेन की, आर्य अष्टांगिक मार्गात सम्यक् आजीविका सांगितली आहे. आपल्याच गायरानधारक बांधवाचा अंगठा कोऱ्या कागदावर घेऊन मिळविलेला पैसा त्या आजीविकेत बसत नाही.

दीघनिकायातील कूटदंत सुत्तात महाविजित राजाची कथा आहे. राज्यात लूटमार माजली तेव्हा पुरोहिताने त्यास सल्ला दिला की, दंड देऊन ही लूटमार थांबणार नाही. शेती करणारास बियाणे द्या, व्यापार करणारास भांडवल द्या आणि सेवा करणारास योग्य वेतन द्या. राज्याची भरभराट कशी मोजावी, हे भगवंतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी या कथेतून शिकविले. बिडकीनची भरभराटही याच मापाने मोजली पाहिजे. किती कोटी आले यावरून नव्हे, तर ज्याच्याजवळ काहीच नव्हते त्याच्या हाती काय आले, यावरून.

बंधु-भगिनींनो, हे माप शासन आपण होऊन लावील, अशी आशा धरून बसू नका. येत्या पौर्णिमेस विहारात वंदनेसाठी जमाल, तेव्हा एक वही आणा. वस्तीतील प्रत्येक कुटुंब तीन वर्षांपासून कोणाच्या रानात राबले, कोणाचे गायरान किती वर्षांचे आणि त्याचा पुरावा कोणता, बांधकामावर कोण किती दिवस होते, कोणते मूल काय शिकते आणि त्याचे जातीचे प्रमाणपत्र निघाले की नाही, हे तीत लिहा आणि खाली सर्वांच्या सह्या घ्या. सातबाऱ्यावर ज्यांचे नाव नाही, त्यांचा उतारा तीच वही होईल. कारखान्याचे दार उघडताना जो कागद घेऊन उभा असेल, त्याला आत विचारले जाईल. बाकीचे बाहेर मुकादमाच्या हाकेची वाट पाहत बसतील. शिका, संघटित व्हा आणि संघर्ष करा, या आदेशाचा आजच्या घडीचा अर्थ मला हाच दिसतो.

जयभीम.